शेंडे कापले की केस भराभर वाढतात?

केस कमरेखाली गेले की कापावेत का, या घोळात असताना हमखास ऐकू येतं, "शेंडे काप, भराभर वाढतील आणि दाटही होतील." हे खरं नाही.

केस वाढतो तो मुळाशी, त्वचेखाली. बाहेर दिसतो तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू. म्हणून तर कापताना दुखत नाही. टोकाला कात्री लागल्याची खबर मुळाला कळतच नाही. वाढ महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर, कापा किंवा ठेवा. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधक बाईंनी १९२८ मध्येच मोजमापं घेऊन दाखवलं होतं, की वस्तरा फिरवल्याने केसांचा वेग किंवा जाडी बदलत नाही.

मग कापल्यावर दाट का वाटतात? हिशेब करा: ९० सेंटिमीटर केसाचं टोक सहा वर्षांचं किंवा त्याहूनही जुनं असतं. सहा वर्षं विंचरणं, धुणं, उशीवर घासणं. वेणीचं टोक उजेडात धरून पाहा, एकेका केसाला दोन-दोन फाटे फुटलेले दिसतील आणि वेणी खाली उंदराच्या शेपटीसारखी निमुळती झालेली. ती विरळ कड गेली की उरलेली भरघोस दिसते, इतकंच.

फाटे वर चढून टोकं तुटत असतील, तर मुळाशी वाढ होऊनही लांबी जागच्या जागीच राहते. तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर जरूर कापा. पण टोकं धड असतील आणि लांबी आवडत असेल, तर 'वाढावेत म्हणून' कापायची काही गरज नाही. मान दुखते, वाळवण्यात तासन्‌तास जातात, कंटाळा आला, ही कारणं मात्र पुरेशी आहेत.