शिट्टी रेफरीची, निदान डॉक्टरचं

१३ जुलै २०१४. रिओच्या माराकाना मैदानावर जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यात फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. सतराव्या मिनिटाच्या आसपास अर्जेंटिनाच्या गाराईचा खांदा जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्यावर आदळला. क्रामर पडला, जुजबी तपासणी झाली आणि तो पुन्हा खेळू लागला. थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझोली यांना विचारलं, ही फायनल आहे का? रिझोलींना आधी ती थट्टाच वाटली. त्याने पुन्हा तेच विचारलं तेव्हा त्यांनी ते क्रामरचा सहकारी श्वाइनस्टायगरच्या कानावर घातलं. एकतिसाव्या मिनिटाला क्रामरला बाहेर काढलं. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात एक खेळाडू दहा-बारा मिनिटं आपण कुठे आहोत हे न कळता धावत होता, आणि ते उघड झालं त्याच्याच प्रश्नामुळे.

कन्कशन म्हणजे डोक्याला बसलेल्या हिसक्याने मेंदूच्या कामात येणारा बिघाड. त्यात शुद्ध हरपतेच असं नाही; बहुतेकदा हरपत नाही. रक्त येत नाही, साध्या स्कॅनमध्येही सहसा काही दिसत नाही. डोळ्यांसमोर काजवे चमकतात, काही गोष्टी आठवत नाहीत, तोल जातो. आणि खेळाडू म्हणतो, मी ठीक आहे. ज्याचा मेंदूच डळमळला आहे त्याच्या या ग्वाहीवर फुटबॉलने कित्येक दशकं काढली.

जुन्या काळी इलाजही नव्हता. १९५६च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याचा मार बसून कोसळला. बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती, म्हणून उरलेली सतरा मिनिटं तो तसाच खेळला. मानेचं हाड मोडल्याचं काही दिवसांनी एक्स-रेमध्ये दिसलं. त्याची गोष्ट आजही शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. विश्वचषकात बदली खेळाडू आले ते १९७० साली. तरी १९८२च्या विश्वचषकात, सेव्हिलच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शूमाखरने फ्रान्सच्या बातिस्ताँला धडक देऊन बेशुद्ध पाडलं, तेव्हा रेफरी चार्ल्स कॉर्व्हर यांनी साधा फाउलही दिला नाही. खेळ गोल किकने, म्हणजे शूमाखरच्याच संघाकडे चेंडू देऊन, सुरू झाला.

क्रामरच्या प्रसंगानंतर दोनच महिन्यांत, सप्टेंबर २०१४मध्ये, फिफाने नवी पद्धत आणली. कन्कशनची शंका आली तर रेफरीने तपासणीसाठी तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबवायचा, आणि संघाच्या डॉक्टरने हिरवा कंदील दाखवला तरच खेळाडूला पुढे खेळू द्यायचं. प्रशिक्षकाचा आग्रह आणि खेळाडूची जिद्द, दोन्ही कागदावर तरी बाजूला सरली. पण डॉक्टरांची प्रचलित चाचणी नीट करायला निदान दहा मिनिटं लागतात. तिथे तीन मिनिटांत काय उरकणार?

शिवाय थांबवायला आधी दिसायला हवं. २०१८च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये रेआल माद्रिदच्या रामोसचं कोपर लिव्हरपूलच्या गोलरक्षकाला, कारिउसला, लागलं. त्या वेळी खेळ थांबला नाही. त्याने पुढे दोन अक्षम्य चुका केल्या आणि त्याची जगभर टर उडवली गेली. त्याला कन्कशन झालं असावं, असं बोस्टनच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सामना उलटून काही दिवस झाले होते.

आपल्याकडच्या वाचकाला हा विषय क्रिकेटमुळे ओळखीचा. डिसेंबर २०२०मध्ये कॅनबेराच्या टी-२० सामन्यात जडेजाच्या हेल्मेटला चेंडू लागला, त्याच्या जागी चहल आला आणि तीन बळी घेऊन गेला. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक लँगर सामनाधिकाऱ्यांशी तावातावाने बोलताना सगळ्यांनी पाहिले. क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला मंजुरी सामनाधिकारी देतो, त्यामुळे संशयही त्याच्याच दारात येतो.

फुटबॉलने त्याच महिन्यात वेगळी वाट धरली. नियम ठरवणाऱ्या आयफॅबने कन्कशनसाठी जादा, कायमस्वरूपी बदलीच्या प्रयोगाला मान्यता दिली. जुलै २०२४पासून स्पर्धांना ही सोय नियमानुसार वापरता येते. ज्या संघाने ती वापरली त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही एक जादा बदली मिळते, म्हणजे खोटं नाटक करून फायदा उरत नाही. आणि ही बदली कन्कशनची की नेहमीची, हे ठरवण्यात रेफरीने पडायचंच नाही. तात्पुरत्या बदलीची, म्हणजे तपासणी होईपर्यंत दुसऱ्याला खेळवण्याची, मागणी मात्र आयफॅबने आजवर मानलेली नाही. रग्बीत ती सोय आहे आणि तिथे डॉक्टरला सवड मिळते.

मग रेफरीच्या हाती काय राहतं? शिट्टी. किरकोळ दुखापतीत चेंडू बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवता येतो. गंभीर दुखापतीत मात्र लगेच थांबवायचा असतो, मग समोर गोलची संधी का असेना. एरवी उपचार मैदानाबाहेर व्हावे लागतात, पण कन्कशनला त्यातून सूट आहे. थांबवलेला खेळ ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफरीने चेंडू खाली सोडून, पुन्हा सुरू होतो. निदान करायचं काम रेफरीचं नाही, शंका घेण्याचं आहे. जिथे डॉक्टरच नसतो अशा शाळा-कॉलेजच्या मैदानांवर तर हिरवा कंदील दाखवणारंच कोणी नसतं. तिथे शंका आली की पोराला बाहेर बसवायचं, आणि त्या दिवशी परत घ्यायचं नाही.