एआयची सवय: तास मोजू नका, क्रम पाहा

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्याला ‘एआय वापरू नका’ असं सांगण्यात अर्थ नाही. दिवसभर एआयकडून कोड तपासून घेणारा इंजिनिअर ठीक असू शकतो आणि दिवसाला चारच प्रश्न विचारणारी कॉलेजची मुलगी या सवयीत अडकत चाललेली असू शकते. पाहायचं ते एवढंच, की आधी स्वतः विचार होतो की आधी ॲप उघडतं.

क्रम उलटला की पहिला फटका स्मरणशक्तीला बसतो. नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः तयार केलेला शब्द जास्त लक्षात राहतो, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. त्यावरून घरीच एक तपासणी करता येते. एआयकडून काल लिहून घेतलेला रिपोर्ट न उघडता त्यातले तीन मुद्दे आणि त्यांची कारणं सांगून पाहा. अडखळलात, तर ते काम तुमच्या डोक्याने केलेलंच नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढं लिहायलाही ॲप लागणं, उत्तर खटकूनही न तपासता पुढे पाठवणं, नेट गेलं की काम उद्यावर ढकलणं, ही पुढची लक्षणं.

भांडण झाल्यावर मैत्रिणीच्या आधी चॅटबॉटला सांगावंसं वाटणं मात्र आम्हाला अधिक काळजीचं वाटतं. कोणती उत्तरं माणसांना आवडतात, यावरूनही या प्रणाली घडवल्या जातात. त्यामुळे त्या होला हो मिळवण्याकडे झुकतात. चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती फारच खुशामत करते म्हणून ती बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये ती मागे घ्यावी लागली होती. मैत्रीण ‘चूक तुझीच होती’ म्हणू शकते, आणि ते ऐकून घेण्याची सवयही राहायला हवी.

दोन आठवडे एवढं करा. काम हाती आलं की आधी दहा मिनिटं कागदावर स्वतःचं कच्चं उत्तर लिहा. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही जमतं. मग एआयला नवं उत्तर न मागता तुमच्या उत्तरातल्या चुका दाखवायला सांगा आणि दुरुस्ती स्वतः करा. पहिले काही दिवस काम रेंगाळेल, चिडचिड होईल. तेवढ्यावरून सोडू नका.

‘एआयचं व्यसन’ असा अधिकृत आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नाही. पण झोप उडाली असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील, तर निदानाच्या नावासाठी थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं.