उन्हाविना तापलेलं आकाश

गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा पाचपट लांब आहे. तिथं पोहोचणारं ऊन आपल्या उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्शाएवढं. नुसत्या या उन्हावर हिशेब मांडला, तर गुरूच्या सर्वांत वरच्या, विरळ वातावरणाचं तापमान उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात ते ४०० अंशांच्या पुढं जातं! व्हॉयेजर यानांनी १९७९ ते १९८९ या काळात चारही महाग्रहांना भेट दिली, तेव्हा शनी, युरेनस आणि नेपच्यूनचीही तीच तऱ्हा दिसली. शास्त्रज्ञ याला ‘ऊर्जेचं संकट’ म्हणू लागले. संकट अर्थात ग्रहांवर नव्हतं, सिद्धान्तांवर होतं.

इतक्या लांबून हे तापमान मोजायचं कसं? इथं कामी येतो एक चमत्कारिक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण: तीन प्रोटॉन आणि त्यांना बांधून ठेवणारे अवघे दोन इलेक्ट्रॉन. जे. जे. थॉमसन यांना तो १९११ मध्ये प्रयोगशाळेत सापडला होता. महाग्रहांच्या माथ्यावर हायड्रोजनच हायड्रोजन. सूर्याचे अतिनील किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उडवतात, आणि तो जखमी रेणू शेजारच्या रेणूला आपला एक प्रोटॉन देऊन टाकतो; त्यातून हा तीन प्रोटॉनांचा आयन तयार होतो. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, तो अवरक्त प्रकाशानं चमकत राहतो. नशीब असं, की ३ ते ४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात खालचा मिथेन सूर्यप्रकाश गिळून टाकतो. ग्रह काळा पडतो आणि त्या काळोखावर आयनाची चमक उठून दिसते. गुरूवर ती १९८९ साली ओळखली गेली. चमकेच्या वर्णरेषांवरून तापमान कळतं, म्हणजे हा आपला फुकटचा थर्मामीटर. (गंमत अशी, की चमकताना तो उष्णता बाहेर फेकून वातावरण थंडही करत असतो.)

मग ही उष्णता येते कुठून? पहिला संशय ध्रुवीय प्रकाशावर होता. गुरूचा चंद्र आयो याचे ज्वालामुखी दर सेकंदाला सुमारे एक टन पदार्थ गुरूच्या चुंबकावरणात, म्हणजे त्याच्या चुंबकीय प्रभावाच्या प्रदेशात, सोडतात. दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरणारा गुरू हा सगळा पसारा आपल्याबरोबर गरगरवायला बघतो. त्या ओढाताणीतून निघणारे विद्युतप्रवाह ध्रुवांजवळ उतरतात आणि तिथली हवा तापते. अडचण एवढीच, की इतक्या वेगानं फिरणाऱ्या ग्रहावर ध्रुवाकडून निघालेले वारे वाटेतच वळतात. उष्णता विषुववृत्तापर्यंत पोहोचणारच नाही, असं संगणकी प्रारूपं सांगत होती. २०२१ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीतून काढलेले तपशीलवार नकाशे प्रसिद्ध झाले आणि त्यांत तापमान ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे हळूहळू उतरत गेलेलं दिसलं. वारे उष्णता वाहून नेत होते. चूक प्रारूपांची होती.

शनीबाबतही त्याच्याभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाच्या अखेरच्या, २०१७ मधल्या निरीक्षणांनी असाच कौल दिला.

युरेनस मात्र हट्टी. त्याचं वरचं वातावरण गेली तीस वर्षं सतत निवतं आहे. ऋतुबदल म्हणावा, तर २००७ चं विषुव (सूर्य युरेनसच्या विषुववृत्तावर येण्याची वेळ) उलटूनही उतार थांबला नाही. आता बोट दाखवलं जातं ते मंदावत गेलेल्या सौरवाऱ्याकडे, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताकडे, आणि मला ते पटतं.

नेपच्यूनवर तर तो आयन कित्येक वर्षं सापडतच नव्हता. जेम्स वेब दुर्बिणीनं २०२३ मध्ये केलेल्या निरीक्षणांत तो अखेर हाती लागला, आणि लपण्याचं कारणही कळलं. व्हॉयेजर गेलं तेव्हाच्या मानानं तिथलं वरचं वातावरण बरंच थंड झालंय, आणि थंडीत हा आयन जेमतेमच चमकतो.