जिगच्या डोक्याला कुठली पावडर चालते?

अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडे वॉलाय आणि क्रॅपी हे मासे गरवणारे बरेच लोक जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, घरीच ओततात. ॲल्युमिनियमच्या साच्यात गळ ठेवायचा, वितळलेलं शिसं ओतायचं, की गळाच्या मानेवर वजनदार डोकं तयार. रंगवायला मग बहुतेक जण प्रो-टेक ब्रँडसारखी, खास जिगसाठी म्हणून छोट्या डबीत मिळणारी रंगाची पावडर घेतात, जी गरम धातूवर वितळून थर बनते. रंग भारी असतात, पण तशाच जातीची पावडर खिडक्यांच्या फ्रेमला, लोखंडी कपाटाला, सायकलीला मारतात आणि ती किलोवर मिळते, हार्बर फ्रेट किंवा ईस्टवुड या तिकडच्या दुकानांची तर अर्धा किलोच्या आतबाहेरच्या डब्यातही मिळते, मग ती का नको? माझं स्पष्ट मत आहे की ती घ्यावीच, फक्त रंग बघायच्या आधी तिचं रेझिन (थर बनवणारा मूळ प्लॅस्टिकसारखा पदार्थ) कुठलं, ती किती तापमानाला पकते, म्हणजे कायमची कडक होते, आणि दाणा किती बारीक आहे हे विचारा.

एक किलो म्हणजे किती होते बघा. ७ ग्रॅम शिशाचा गोळा धरला तर त्याचा पृष्ठभाग साधारण साडेतीन चौरस सेंटीमीटर येतो, ७५ मायक्रॉनचा थर आणि पावडरची घनता १.५ धरली तर एका जिगला लागते ०.०४ ग्रॅम. म्हणजे किलोभरात हिशोबाने २५,००० जिग! हाताने बुडवताना थर दुप्पट बसला तरी १२,००० च्या वर होतात. त्यामुळे एकट्याने मोठा पॅक घेण्यापेक्षा चारपाच जणांनी वाटून घेतलेला बरा.

आता रेझिन. या सगळ्या पावडरी थर्मोसेट असतात, म्हणजे गरम झाल्यावर आधी वितळून पसरतात आणि मग त्यांचे रेणू एकमेकांना कायमचे जोडले जातात, भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही तसंच. इपॉक्सी धातूला घट्ट चिकटते, रसायनांना दाद देत नाही, पण उन्हात राहिली की खडूसारखी पांढुरकी पडते. पॉलिएस्टर उन्हात टिकते. इपॉक्सी-पॉलिएस्टर मिक्स, ज्याला हायब्रिड म्हणतात, ती या दोघींच्या मधली. जिग आयुष्यातला बराच वेळ डब्यात असतो त्यामुळे तिन्ही चालतील, पण फ्लुरोसंट पिवळा-हिरवा हवा असेल तर कुठलीही घ्या, खाली पांढरा थर मारा, कारण हे रंग पातळ असतात आणि खालचं करडं शिसं त्यांची चमक खाऊन टाकतं.

दोन पावडरी एकत्र करून नवीन रंग करायचा मोह सगळ्यांना होतो. निळी आणि पिवळी मिसळली तर हिरवा येत नाही, ठिपके येतात, कारण प्रत्येक दाण्यातलं रंगद्रव्य त्या दाण्यातच अडकलेलं असतं आणि वितळलेली पावडर मधापेक्षाही घट्ट असल्याने ते नीट मिसळत नाही. ठिपके हवे असतील तर छान आहे. पण ॲक्रिलिक रेझिनची पावडर दुसऱ्या जातीत चुकूनही सांडू देऊ नका, थराला खड्डे पडतात.

दाण्याचा मुद्दा लोक सगळ्यात कमी विचारतात आणि त्रास इथेच होतो. आपण जिग गरम करून पावडरच्या कपात बुडवतो, कपाच्या तळाला सच्छिद्र पडदा असतो आणि खालून फिशटँकच्या पंपाची हवा येते, मग पावडर पाण्यासारखी उकळल्यागत हलते. ही फ्लुइड बेडची पद्धत १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी काढली. पण इंडस्ट्रीतली पावडर बहुतेक स्प्रे गनसाठी दळलेली असते, सरासरी ३०-४० मायक्रॉन, आणि त्यात खूप बारीक भुकटीही असते. १९७३ मध्ये डेरेक गेल्डार्ट यांनी पावडरींचे चार गट पाडले, त्यातल्या सी गटाचे दाणे इतके बारीक असतात की हवेपेक्षा आपसातलं आकर्षण जास्त होतं, पावडर वर उचललीच जात नाही, हवा एखादं भोक पाडून सरळ निघून जाते. तुमच्या कपात असं झालं तर पावडर खराब नाहीये, कप सतत हलका ठोकत राहा, पावडर कमी भरा. कोकणासारख्या दमट हवेत ती आधी चाळून घ्या आणि डब्यात सिलिका जेल ठेवा.

शिशाला तापायला फार कमी उष्णता लागते, ७ ग्रॅमचं डोकं ३० वरून १८० अंशावर न्यायला जेमतेम १४० ज्यूल, त्यामुळे हीट गनसमोर ते चटकन तापतं आणि तितकंच चटकन थंडही होतं. बाहेर काढताच थर काचेसारखा चमकला तर जिग जास्त तापला होता. थोडा खरखरीत दिसला तर उत्तम, नंतर ओव्हनमध्ये भाजताना तो आपोआप सपाट होतो. गळाच्या डोळ्यातली (दोरी बांधायच्या भोकातली) पावडर मात्र बेकिंगच्या आधीच काढा, नंतर ती दगड होते.

तापमानाचं नीट ऐका. प्रो-टेक सुमारे १७७ अंश सेल्सिअसला पकते, बऱ्याच पॉलिएस्टरना १८० ते २०० लागतात, शिसं वितळतं ३२७ ला, त्यामुळे काळजी नाही. पण अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात लून हे पाणपक्षी शिसं गिळून मरतात म्हणून २०१६ पासून एक औंसपर्यंतच्या (सुमारे २८ ग्रॅम) शिशाच्या जिगवर बंदी आहे (रंगाने काही वाचत नाही, पक्ष्याच्या पोटातले खडे आणि आम्ल तो थर घासून काढतात), म्हणून लोक बिस्मथ-कथील मिश्रधातूकडे वळतात आणि तो वितळतो फक्त १३८ अंशाला! तो नेहमीच्या पावडरसोबत ओव्हनमध्ये टाकला तर ट्रेमध्ये नुसते गळ उरतील. शुद्ध कथील २३२ पर्यंत टिकतं, ते चालेल. बिस्मथवाल्याला ओव्हनची गरज नसलेला साधा रंगच बरा.

ओव्हन स्वयंपाकाचा अजिबात नको, वेगळा ठेवा, आणि त्याच्या काट्यावर विश्वास न ठेवता आत थर्मामीटर टाका, कारण पावडरला धातूचं तापमान मोजायचं असतं, हवेचं नाही. अर्धवट पकलेला थर वरून अगदी झालेला दिसतो, पण आमिष म्हणून जिगला लावतात त्या रबरी अळीतलं प्लॅस्टिसायझर (तिला मऊ ठेवणारं तेलकट रसायन) त्याला चिकट करून टाकतं. थंड झाल्यावर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस एका जिगवर घासून बघा, रंग भरपूर उतरला तर सगळा ट्रे परत ओव्हनमध्ये.