शिरेवाटे पोषण (अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे)

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे आतडे दूध पेलू लागेपर्यंत ग्लुकोज, अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक), स्निग्धांश, क्षार व जीवनसत्त्वे थेट रक्तात देणे आणि मग बाळाला हळूहळू दुधावर आणणे, अशी ही उपचारपद्धती आहे. साधारण ३४ आठवड्यांपूर्वी चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसत नाही. दीड किलोखालच्या बाळाच्या अंगात साठाही नसतो. नुसत्या ग्लुकोजवर ठेवले तर ते स्वतःचे स्नायू झिजवते. म्हणून अमिनो आम्ले पहिल्याच दिवशी सुरू करतात. केवळ शिरेवाटे अन्न देऊन अर्भक वाढू शकते, हे अमेरिकेत विल्मोर आणि ड्युड्रिक यांनी १९६८ मध्ये दाखवले.

मात्र शिरेतली नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, यकृतावरही ताण येतो. त्यामुळे शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांतच आईचा चीक नळीने पोटात जाऊ लागतो: किलोमागे दिवसाला १० ते २० मिली, म्हणजे दर खेपेला एक-दोन मिली. यात पोट भरणे हा हेतू नसतो, आतड्याला जाग आणायची असते. पुढे दूध रोज किलोमागे २० ते ३० मिलीने वाढवतात आणि सलाईन, म्हणजे शिरेवाटे जाणारे हे पोषक द्रावण, तेवढेच कमी करतात. हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा शीमध्ये रक्त दिसले की दूध थांबवतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते या अदलाबदलीत. एक किलोच्या बाळाला १५० मिली सलाईनमधून साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळत असतील, तर १०० मिली दूध आणि ५० मिली सलाईन झाल्यावर ती अडीच ग्रॅमच्या आसपास येतात. दूध वाढल्याचा आनंद असतो आणि नेमके तेव्हाच बाळ उपाशी राहते. उरलेल्या सलाईनमध्ये अमिनो आम्ले दाट ठेवणे आणि आईच्या दुधात एचएमएफ ही पोषक पूड मिसळणे, हा त्यावरचा इलाज. किलोमागे १००–१२० मिली दूध पचू लागले की सलाईन बंद करतात.

या उपचाराला निर्जंतुक मिश्रण, वारंवार रक्ततपासणी आणि सराईत परिचारिका लागतात. त्यामुळे कोकणातून अशी बाळे बहुधा मुंबई किंवा कोल्हापूरला जातात, दक्षिण सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. पावसाळ्यात घाटात दरड आली की हा प्रवास लांबतो. लवकर प्रसूतीची चिन्हे दिसताच बाळ पोटात असताना आईलाच हलवणे केव्हाही श्रेयस्कर. बाळ पुढे गेले आणि आई मागे राहिली, तरी तिने पहिल्या काही तासांतच दूध काढायला लागावे आणि दिवसातून सात-आठ वेळा काढावे, नाहीतर दूध आटते. दमट उकाड्यात काढलेले दूध तसेच ठेवू नये, बर्फाच्या डब्यातून पाठवावे. ते अपुरे पडल्यास दुग्धपेढीचे, म्हणजे इतर मातांनी दान केलेले, दूध मिळू शकते; मुंबईच्या शीव रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

घरच्यांनी मध किंवा गुटी चाटवू नये. नळीनंतर वाटी-चमचा आणि मग अंगावर पाजणे, असा क्रम असतो. आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे त्याआधीच, प्रकृती स्थिर होताच सुरू करतात.