अर्ध्या मिलिमीटरचा साग: स्पीकरच्या खोक्यावरच्या विनिअरची पार्श्वभूमी

आमच्या कुडाळकडच्या घरात ओटीवर दोन स्पीकर आहेत. काकांनी मुंबईहून एसटीच्या टपावर घालून आणलेले, त्याला आता पस्तीसेक वर्षं होतील. गेल्या पावसाळ्यात डाव्या खोक्याच्या खालच्या कडेचा लाकडी छापाचा कागद सुटला. सोलून बघितलं तर आतला भुश्याचा पाट दीडपट फुगला होता आणि बोट लावलं की रव्यासारखा गळत होता. वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "ह्यो भुसो ठेवन काय करतलंस? सागवानाचो बॉक्स करून देतंय, नातवांपर्यंत टिकतलो." मी म्हटलं, खोकं तेच ठेवायचंय, वर सागाचा विनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवायचाय. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मुलामोच ना?"

हा प्रश्न कोकणात कुठेही ऐकू येतो. आपल्याकडे लाकूड म्हणजे भरीव लाकूड. फणसाचे खांब, सागाचे वासे, शिसवी पलंग, ऐनाचे सर. पातळ पापुद्रा चिकटवणं म्हणजे फसवणूक, ही समजूत आपल्यात मुरलेली आहे. स्पीकरच्या बाबतीत ती चुकीची का आहे, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

विनिअरची कला फार जुनी आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर 1922 साली उघडली, तेव्हा आत एबनी या काळ्या लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या पेट्या मिळाल्या. नाईलच्या काठी चांगलं लाकूड उगवत नसे, ते दुरून आणावं लागे, म्हणून ते पुरवून वापरायचं. रोमन काळात प्लिनी या लेखकानेही महागड्या लाकडाचे पातळ काप साध्या लाकडावर बसवण्याबद्दल लिहून ठेवलंय. पण करवतीने पापुद्रा काढायचा तर जवळजवळ पापुद्र्याइतकंच लाकूड भुशात जाई. मार्क ब्रुनेल याने 1806 साली इंग्लंडमध्ये विनिअर कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे करवतीच्या जागी पातं आलं. ओंडका वाफवून मऊ करायचा आणि रंध्याच्या शिलपीसारखा काप काढायचा. त्यात भुसा पडतच नाही. आज दुकानात मिळणारा विनिअर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो असाच काढलेला.

किनाऱ्यावर लाकडाची टंचाई नव्हती, पण लाकूड जपायची रीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी रानातला साग परवानगीने तोडावा असं सांगितलंय, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी ट्रिंकोमाली जहाज 1817 सालचं आहे आणि इंग्लंडात ते आजही तरंगतं आहे. तेव्हा सुतारकाकांची सागावरची श्रद्धा उगाच नाही. खाऱ्या पाण्यात दोनशे वर्षं टिकणारं लाकूड आहे ते.

मग स्पीकरला भरीव साग का नको? लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. धाग्याच्या दिशेने त्याची लांबी फारशी बदलत नाही, पण आडव्या दिशेने ते फुगतं आणि आक्रसतं. आपल्याकडे मृगात दार चौकटीत अडकतं आणि माघात सैल होतं, ते यामुळेच. दाराला चालतं. स्पीकरच्या खोक्याला चालत नाही, कारण त्याच्या सांध्यातून हवा निसटता कामा नये. आणि या अटीचं मूळ 1954 सालात आहे.

राइस आणि केलॉग या दोघांनी 1925 साली अमेरिकेत आजच्या घडणीचा, कॉइल (तारेचं वेटोळं) आणि कागदी शंकूचा स्पीकर मांडला. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढं खोकं लागायचं. एडगर व्हिल्चर याने 1954 मध्ये उलटा विचार केला. शंकूला जागेवर आणायचं काम कडक स्प्रिंगला न देता खोक्यात कोंडलेल्या हवेला द्यायचं. हवा हीच स्प्रिंग. खोकं एकदम शेल्फवर बसेल एवढं लहान झालं, पण ते घट्ट बंद असणं ही अट आली. एका कोपऱ्याला बारीक फट पडली तरी खर्ज ढिला पडतो. पुढे ऑस्ट्रेलियात थील याने 1961 साली आणि नंतर स्मॉल याने खोक्याचं आकारमान आणि स्पीकरचं वागणं यांचं गणितच बसवून दिलं. तिथून खोकं म्हणजे नुसतं फर्निचर राहिलं नाही, वाद्याचा भागच झालं. आपल्या भजनातल्या पखवाजाचं खोड जसं, तसं.

फरक एवढाच की खोड सुरात बोलायला हवं आणि स्पीकरचं खोकं गप्प बसायला हवं.

गप्प बसणारं, न वाकणारं, सगळीकडे सारखं साहित्य तेव्हा नुकतंच तयार होत होतं. जर्मनीत युद्धाच्या काळात लाकडाची चणचण होती. लाकडाचा चुरा राळेत दाबून पाट करायचा पहिला कारखाना 1941 साली ब्रेमेनला निघाला. तोच आपला पार्टिकल बोर्ड. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला पाट, 1960च्या दशकात अमेरिकेतून आलं. दोन्हींत धागा नाही, म्हणून आडवं-उभं असा भेद नाही. मात्र दिसायला ते पोत्यासारखं. त्यावर अक्रोड, महोगनी, सागाचा पापुद्रा चढवला की घरात ठेवण्याजोगं झालं. व्हिल्चरच्या कंपनीचे स्पीकर अशा वेगवेगळ्या विनिअरमध्ये मिळत. बीबीसीच्या इंजिनिअरांनी 1970च्या दशकात केलेला एलएस3/5ए हा लहानगा स्पीकर पातळ बर्च प्लायवूडचा, आतून डांबरी थर लावलेला, बाहेरून विनिअरचा. म्हणजे विनिअर हा स्पीकरला मागून चढवलेला मुखवटा नव्हे. चांगल्या स्पीकरची बांधणीच तशी होती.

आपल्या घरांत हे लाकूड आधी रेडिओतून आलं. मर्फी, बुश, फिलिप्सच्या व्हॉल्व्हच्या सेटांची गोल कोपऱ्यांची खोकी प्लायवूडची, वर विनिअर आणि त्यावर लाखेचं पॉलिश. त्या काळी विनिअर सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने, चिकटवत. सरस ओल आणि उष्णता यांनी मऊ होतो, म्हणून कोकणातल्या जुन्या सेटांच्या कडा उचललेल्या दिसतात. पण तोच त्याचा गुणही आहे: ओलं फडकं टाकून गरम इस्त्री फिरवली की उचललेली कड पुन्हा बसते. फेविकॉल 1959 साली आलं आणि सुताराच्या चुलीवरचं सरसाचं भांडं हळूहळू उतरलं.

स्टिरिओ बनवणारी सोनोडाइन कंपनी 1970 साली कोलकात्यात सुरू झाली, तोवर स्टिरिओ हे देशी घरांचं स्वप्न बनायला लागलं होतं. कोकणात ते दोन वाटांनी उतरलं. गिरणगावातले चाकरमानी गणपतीला येताना देशी सेट आणत, आणि रत्नागिरी-खेड-चिपळूणकडे आखातात गेलेले लोक जपानी. आयातीवरचा कर जबर असल्यामुळे दुसरी वाट लहान पण रुबाबाची होती.

याच सुमारास खोक्यांची जात बदलली, आणि माझा सगळा राग इथे आहे. खऱ्या विनिअरच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, लाकडाच्या फोटोचा. एका लांब पाटावर तो कागद चिकटवायचा, मागून व्ही आकाराच्या खाचा मारायच्या, कागद तेवढा न कापता ठेवायचा, आणि पाट पुठ्ठ्याच्या डब्यासारखा दुमडायचा. काही मिनिटांत खोकं तयार. स्वस्त झालं हे चांगलंच झालं, नाहीतर आमच्या काकांना ते परवडलं नसतं. पण मागची कड, खालची कड, स्क्रूची भोकं उघडीच राहिली. जुलै-ऑगस्टात दमट हवा तिथूनच आत शिरते. एकदा फुगलेला भुसा वाळला तरी मूळ मापाला येत नाही. चिपळूणला 2005 आणि 2021च्या जुलैतल्या पुरांनंतर कचऱ्याच्या ढिगांवर अशी फुटलेली खोकी पडलेली होती, आणि आतले चुंबक, कॉइल यांतले कितीतरी धुऊन-वाळवून वाचवता आले असते. नकली काही असेल तर तो हा कागद आहे. विनिअर हे लाकूडच आहे, झाडावरून आलेलं.

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी आंब्या-केळ्यांकडे बघा. आत हलकं लाकूड, वर रंगाचा पातळ थर, आणि त्या थरातच कारागिराचा हात. त्याला कुणी मुलामा म्हणत नाही.

आता साग आणायचा कुठून? महाराष्ट्रात 1964च्या वृक्षतोड कायद्याने साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात देशभरातल्या जंगलतोडीला लगाम घातला. अरुणाचलमधल्या तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या, तसंच त्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या आसामातल्या आरा गिरण्या, विनिअर आणि प्लायवूडचे कारखाने तत्काळ बंद झाले. मग ब्रह्मदेशावर भिस्त वाढली. त्या देशानेही 1 एप्रिल 2014 पासून ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं. शिसमाच्या साऱ्या कुळावर 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. भरीव सागाचं खोकं करायला जेवढं लाकूड लागतं, तेवढ्यात विनिअर काढला तर अख्ख्या वाडीचे स्पीकर सजतील. आंबा-फणसाला हात लावू नका म्हणणाऱ्या परंपरेला हे शोभणारं आहे.

काम मी दिवाळीनंतर घेतलं. पावसात ते करूच नये, कारण लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढरं पडतं, आणि जवसाचं तेल लावलं तर पुढच्या श्रावणात त्यावर बुरशी धरते. कागद हेअर ड्रायरने गरम करून सोलला. फुगलेला भुसा पटाशीने टणक भाग लागेपर्यंत काढला, खड्ड्यात एपॉक्सी भरून शिकंजात दोन दिवस ठेवला, मग पॉलिश पेपरने सपाट केला. विनिअरच्या पाठीला आणि खोक्याला फेविकॉलचा पातळ हात देऊन दोन्ही सुकू दिले आणि वरून सुती फडकं ठेवून इस्त्री फिरवली. सुकलेला फेविकॉल उष्णतेने पुन्हा मऊ होऊन धरतो. सरसाचीच युक्ती, नव्या डब्यातली. कागद लावणाऱ्याने सोडून दिलेली मागची आणि खालची बाजूही मी झाकली, आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात दिले.

सुतारकाका तिसऱ्या दिवशी बघायला आले. त्यांनी पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला, सांधा सापडेना म्हणून चष्मा लावला. मग स्वतःच रंधा काढून कडेवरचा उरलेला केसभर विनिअर साफ केला, धाग्याच्या दिशेने, एका दमात. मला ते काम तसं जमलं नसतं.

उजवं खोकं अजून बाकी आहे. विनिअरचे काप ओंडक्यातून निघतात त्याच क्रमाने बांधलेले असतात, लागोपाठच्या दोन कापांवरची नक्षी जवळजवळ सारखी असते, म्हणून दोन्ही खोक्यांचा विनिअर एकदम घ्यावा लागतो. दुसरा काप मी पेन्सिलीने 'उजवा' लिहून दोन प्लायच्या मध्ये दाबून माळ्यावर ठेवलाय. पाऊस सरला की तो उतरवायचा आहे.