गीझरचं एलिमेंट जळालं? नुसतं बदलून घेऊ नका

थंडी सुरू झाली की आमच्याकडे येणारे बहुतेक फोन एकाच तक्रारीचे असतात: "गीझरचा दिवा लागतो, पण पाणी गारच." पाठोपाठ सूचनाही येते, "एलिमेंट गेलंय, नवीन टाकून द्या." निदान पुष्कळदा बरोबर असतं. पण एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) का जळालं हे न बघता नवीन बसवलं, तर तेही लवकरच जातं आणि तुमचे पैसे दुसऱ्यांदा खर्च होतात. म्हणून आम्ही काय तपासतो आणि का, हे तुम्हाला माहीत असावं.

आधी बिघाड कुठला ते ठरवू. दिवा लागतो पण पाणी तापत नाही, तर संशय एलिमेंटवर. दिवाच लागत नसेल तर थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारा पार्ट), कटआउट (पाणी अति तापल्यास वीज तोडणारा पार्ट) किंवा सॉकेट बघावं लागतं. गीझर लावताच घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर एलिमेंटच्या नळीला चीर जाऊन करंट गळत असण्याची शक्यता जास्त. 2000 वॅटच्या चांगल्या एलिमेंटचा रोध मीटरवर साधारण 26 ओहम येतो. हे मोजमाप तुमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय आम्ही पार्ट बदलत नाही.

आता मूळ कारण. पुण्यात खडकवासला धरणाचं पाणी त्या मानाने मऊ (कमी क्षारांचं) आहे, पण वाघोली, उंड्रीसारख्या भागांत अनेक सोसायट्यांना बोअरचं आणि टँकरचं पाणी वापरावं लागतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. पाणी तापलं की हे क्षार एलिमेंटवर पांढऱ्या थरासारखे बसतात. थर जाड झाला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, आतली तार प्रमाणाबाहेर तापते आणि तुटते. थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवून ठेवला तर थर आणखी भराभर चढतो. घरच्या वापराला 55 ते 60 अंश पुरेत.

काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड म्हणतात. टाकीच्या लोखंडाऐवजी गंज तिला खातो, त्यासाठीच ती बसवलेली असते. कांडी झिजून नुसती तार उरली की गंजाची पाळी टाकीवर येते. आमच्या मते गीझरमधला सर्वांत दुर्लक्षित पार्ट हाच. एलिमेंट काढलेलं असताना टाकी रिकामीच असते, तेव्हा अ‍ॅनोडही त्याच वेळी बदलून घ्या. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी तपासा.

टाकीतला क्षार आम्ही खरवडून काढतो आणि उरलेला लिंबूफुलाच्या पाण्याने सोडवतो. फरशी धुवायचं अ‍ॅसिड टाकीत कृपया कधीही ओतू नका, त्याने धातू खराब होतो. झाकण लावताना गॅस्केट (गळती रोखणारी रबरी चकती) नवीनच घालतो. जुनं दाबून बसवलं तर तिथूनच गळती सुरू होते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणूनही फोन येतात. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटरने वाढतं, आणि ही वाढ व्हॉल्व्हमधून बाहेर पडू शकते. गीझर तापत असतानाचे थेंब ठीक आहेत. बंद असतानाही धार लागली तर मात्र बोलवा. काहीही झालं तरी ते तोंड बुचाने बंद करू नका, टाकी फुटू शकते.

टाकीच गळत असेल, तर एलिमेंटवर एक रुपयाही खर्च करू नका. अशा टाकीला आम्ही वेल्डिंग करत नाही. वॉरंटी कार्ड शोधा, कारण टाकीची वॉरंटी बहुधा एलिमेंटपेक्षा जास्त वर्षांची असते. गीझर वॉरंटीत असेल तर आधी कंपनीलाच फोन करा, आम्ही उघडला तर तुमचा हक्क जाऊ शकतो.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर थेट एमसीबी बंद करा आणि बाथरूम वापरू नका. अशा घरी आम्ही सॉकेटचं अर्थिंगही तपासतो. अर्थिंग नसेल तर नवीन पार्ट बसवूनही गीझर चालू करून देणार नाही. यावर काही ग्राहक नाराज होतात, पण इथे तडजोड नाही.

आम्ही येण्याआधी एमसीबी बंद ठेवा, म्हणजे टाकीतलं पाणी निवलेलं असेल. काम झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा आणि अखंड धार आल्यावरच बटण लावा. रिकाम्या टाकीत नवं एलिमेंटही लगेच जळतं. काढलेला पार्ट मागून घ्या, तो तुमचाच आहे.

फोन करताना गीझरवरच्या पाटीचा फोटो पाठवा. लिटर, वॅट आणि पाण्याचा दाब त्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे योग्य पार्ट आम्ही पहिल्याच फेरीत आणू शकतो.